इफेससच्या दोन बॅसिलिकांसाठी अर्धा दिवस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे तुर्कस्तानच्या सहलीवरचा लेख प्रसिद्ध झाला. तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना आनंद झाला, कारण गेल्या वर्षी मे महिन्यात मी आणि माझी पत्नी तोच प्रवास करून आलो होतो आणि लेखातली बरीच ठिकाणे डोळ्यांसमोर उभी राहिली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक गोष्ट सलत राहिली. इफेसस या प्राचीन नगराच्या वर्णनात सेल्ससचे ग्रंथालय, पंचवीसेक हजार माणसे बसतील असे नाट्यगृह, संगमरवरी फरसबंदीचा रस्ता, रोमन काळातली सार्वजनिक शौचालये इतके सगळे असूनही तिथल्या, येशूची आई मारिया हिच्या चर्चचे आणि येशूचा शिष्य संत योहान याच्या बॅसिलिकेचे नावसुद्धा कुठे आलेले नव्हते. यात लेखिकेचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक सहली प्रवाशांना या दोन जागांपर्यंत नेतच नाहीत, आणि जी जागा पाहिली नाही ती लेखात येणार कुठून? म्हणूनच हे पत्र लेखिकेइतकेच सहली आखणाऱ्यांना आणि सहलीला जाणाऱ्या वाचकांना उद्देशून आहे.

आमचाही अनुभव वेगळा नव्हता. बस वरच्या दरवाजाशी थांबते, प्रवासी उतारावरून चालत खालच्या दरवाजाशी बाहेर पडतात आणि एवढ्या चालीला दोन तास दिलेले असतात. नाट्यगृहापाशी पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते, पाण्याच्या बाटल्या संपलेल्या असतात आणि सगळ्यांचे लक्ष बाहेरच्या दुकानांकडे आणि सावलीकडे लागलेले असते. नेमक्या त्याच ठिकाणाहून, खालच्या दरवाजाच्या अलीकडे, एक पायवाट झाडाझुडपांतून मारियेच्या चर्चकडे जाते. चालत दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. मी विचारले तेव्हा आमच्या स्थानिक गाइडने अतिशय नम्रपणे सांगितले की, तिथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही, नुसत्या भिंती आहेत. मी वसईचा आहे. आमच्या किल्ल्यातली छप्पर नसलेली चर्चे हेच माझ्या लहानपणीचे खेळायचे ठिकाण होते, आणि पुढे इतिहासाचा शिक्षक झाल्यावर मुलांना घेऊन मी त्याच भिंतींमधून वर्षानुवर्षे फिरलो. नुसत्या भिंतींना काय काय ठाऊक असते याची मला थोडीफार कल्पना असल्यामुळे गाइडचे ते उत्तर माझ्या गळी उतरले नाही. दुसऱ्या दिवशी कुशादासीत खरेदीसाठी मोकळा वेळ होता. आम्ही दोघे सकाळी डोलमुश म्हणजे तिथली वडापची छोटी बस धरून इफेससलगतच्या सेल्चुक गावाच्या रस्त्याला लागलो आणि तो सबंध दिवस या दोन चर्चांमध्ये घालवला.

बॅसिलिका हा शब्द आपल्याकडे जुन्या गोव्याच्या बॉम जेझूमुळे परिचित झाला आहे, आणि त्यामुळे बॅसिलिका म्हणजे एखादे विशेष मान मिळालेले मोठे चर्च असा समज रूढ आहे. आजच्या कॅथलिक प्रथेपुरता तो बरोबरही आहे. परंतु मुळात बॅसिलिका ही रोमन नगरांतली सार्वजनिक इमारत होती. तिथे न्यायनिवाडा चाले, व्यापाऱ्यांचे सौदे होत आणि पावसापाण्यात लोक तिथेच जमत. चौथ्या शतकात रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिल्यावर शेकडो माणसांनी एकत्र प्रार्थना करावी अशी जागा हवी झाली. देवळांचे गाभारे लहान, तिथे जनसमुदाय आत येण्याची रीतच नव्हती. म्हणून वास्तुकारांनी न्यायसभेचा हा नमुना उचलला : मध्ये लांब आणि उंच दालन, त्याच्या दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा, रांगांपलीकडे बुटके उपदालन आणि टोकाला अर्धवर्तुळ. ज्यांनी कार्ल्याचे चैत्यगृह पाहिले आहे त्यांना ही रचना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. स्तूपाच्या जागी वेदी कल्पावी, खडकाच्या जागी विटा आणि संगमरवर कल्पावा, की बॅसिलिकेचा आराखडा बराचसा मनात उभा राहतो. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मला सुचवायचे नाही. कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, ती गोष्ट वेगळी. पण कार्ले पाहिलेल्या मराठी माणसाला इफेससच्या पडक्या भिंतींमधून चालताना आपण मधल्या दालनात आहोत की बाजूच्या, हे कोणी न सांगता कळते.

मारियेचे चर्च प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते, कारण ते रुंदीच्या मानाने फारच लांब आहे. त्याचे कारण असे की ते मोकळ्या जमिनीवर बांधलेलेच नाही. हेड्रियन सम्राटाच्या काळातल्या एका भव्य मंदिराच्या आवाराला दक्षिणेच्या बाजूने अडीचशे मीटरहून लांब अशी खांबांची ओवरी होती. मंदिराचा वापर थांबल्यावर तिच्याच भिंतींच्या आत चर्च उभारले गेले. पश्चिमेकडून आत शिरले की प्रथम फरसबंद अंगण लागते. त्याच्या उत्तरेला बाप्तिस्मागृह आहे, आणि या साऱ्या अवशेषांत मला सर्वांत अधिक बोलकी वाटलेली जागा ती हीच. बाहेरून चौरस आणि आतून गोल अशी ती खोली, भिंतींत कोनाडे, संगमरवरी फरशांवर कोरलेले क्रूस आणि मधोमध जमिनीत खोल घेतलेले कुंड. आमच्या चर्चमध्ये आज स्नानसंस्कार म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर ओतलेले ओंजळभर पाणी. इथे प्रौढ स्त्रीपुरुष या कुंडात उतरत आणि दुसऱ्या बाजूने नवी माणसे होऊन वर येत. माझी पत्नी त्या कुंडाच्या काठावर बराच वेळ काही न बोलता बसून होती.

तिथून पूर्वेकडे चालत गेल्यावर विटांचे जाड खांब लागतात, त्यांच्यामागे एक अर्धवर्तुळ येते, आणि आता चर्च संपले असे वाटत असतानाच पलीकडे आणखी एक दालन आणि आणखी एक अर्धवर्तुळ दिसते. ही एकामागे एक अशी दोन चर्चे नव्हेत. आधीची सलग लांब बॅसिलिका होती; पुढे तिच्याच पोटात घुमटाचे छोटे चर्च बांधले गेले, आणि त्यामुळे एका इमारतीत दोन काळ शेजारी शेजारी उभे आहेत. इथे हातात नुसता साधा आराखडा असला तरी पुरे होते. तो नसला तर प्रवासी विटांच्या ढिगांमधून फिरून पाच मिनिटांत परत येतो आणि गाइडचेच म्हणणे खरे मानतो.

आता या जागेचे महत्त्व. इ.स. ४३१ च्या जूनमध्ये सम्राट थिओडोशियस दुसरा याने साऱ्या साम्राज्यातले बिशप इफेससला बोलावले. परिषदेच्या इतिवृत्तात ती मारिया नावाच्या मोठ्या चर्चमध्ये भरल्याचे नोंदलेले आहे. आज दिसणाऱ्या भिंतींपैकी कोणत्या त्या परिषदेच्या वेळी उभ्या होत्या आणि कोणत्या नंतर उभ्या राहिल्या, यावर उत्खनन करणाऱ्यांत मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजेत. परंतु जागेबद्दल सर्वसाधारण एकमत आहे. वाद होता एका शब्दावरून. कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा, धर्माध्यक्ष नेस्तोरियस याचे म्हणणे असे की मारियेला ‘देवमाता’ म्हणणे सावधपणाचे नाही, तिला ‘ख्रिस्तमाता’ म्हणावे, कारण अनादी ईश्वर एका स्त्रीच्या पोटी जन्माला आला असे म्हटले तर त्याचे ईश्वरत्व आणि येशूचे माणूसपण यांची सरमिसळ होते. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याचे उत्तर असे की येशू एकच आहे, दोन नव्हेत. जो जन्मला तोच ईश्वर, म्हणून त्याची आई ही देवाचीच आई. वाद मारियेच्या नावाने झाला, परंतु प्रश्न ख्रिस्ताच्या स्वरूपाचा होता. इफेससमध्ये गाइड लोक एक सोपी गोष्ट सांगतात, की हे अर्तेमिस देवीचे नगर होते, लोकांना देवी हवीच होती, म्हणून अर्तेमिस गेली आणि मारिया आली. ऐकायला ती गोष्ट नेटकी आहे, पण त्या परिषदेतले वाद वाचले तर ती अपुरी ठरते. तिथे जमलेले लोक देवीच्या जागी देवी बसवायला आले नव्हते. माणूसपण आणि ईश्वरत्व एकाच देहात कसे नांदते, या प्रश्नाने ते खरोखर अस्वस्थ झाले होते.

परिषद झाली ती मात्र सभाशास्त्राला शोभेल अशी झाली नाही, आणि तेही त्या भिंतींमध्ये उभे राहून आठवण्यासारखे आहे. अँटिओकचा बिशप योहान आणि त्याच्याबरोबरचे पूर्वेकडचे बिशप वाटेत होते. ते पोहोचण्यापूर्वीच, सम्राटाच्या प्रतिनिधीचा आक्षेप आणि अडुसष्ट बिशपांचा लेखी निषेध बाजूला सारून, सिरिलने २२ जूनला कामकाज सुरू केले. उन्हाळा कडक होता, काही बिशप आजारी पडले होते, काहींचा मृत्यूही झाला होता, आणि आणखी थांबणे शक्य नाही हे सिरिलचे समर्थन होते. बोलावणी जाऊनही नेस्तोरियस आला नाही. एकाच दिवसात त्याचा निवाडा होऊन त्याला पदच्युत करण्यात आले आणि सुमारे २०० बिशपांनी त्यावर सह्या केल्या. संध्याकाळी इफेससच्या लोकांनी मशाली पेटवून बिशपांना त्यांच्या मुक्कामी पोहोचवले, असे सिरिलने स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. चार दिवसांनी योहान आला, त्याने आपल्या बाजूच्या बिशपांची वेगळी सभा भरवून उलट सिरिलला आणि इफेससचा बिशप मेमनॉन याला पदच्युत केले. सम्राटाने आधी सगळ्यांचीच पदच्युती मान्य केली! सिरिल आणि योहान यांच्यात समेट व्हायला ४३३ साल उजाडले. नेस्तोरियस मात्र परतला नाही. आधी मठात, पुढे इजिप्तच्या वाळवंटात त्याचे उरलेले आयुष्य गेले. याच चर्चमध्ये ४४९ साली आणखी एक परिषद भरली. तिच्यात इतकी दांडगाई झाली की रोमच्या पोप लिओने तिला लुटारूंची सभा म्हटले, आणि हेच नाव तिला इतिहासात चिकटले.

संपादक महोदय, हे सारे दूर देशीचे आणि दूरच्या काळाचे आहे, मराठी वर्तमानपत्रात त्याचे काय, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्यांना मी एवढेच सांगेन की या भिंतींमधून निघालेली एक वाट थेट आपल्या किनाऱ्याला लागते. रोमन साम्राज्याच्या सीमेबाहेर, इराणच्या राज्यात जे ख्रिस्ती होते त्यांनी नेस्तोरियसचा धिक्कार स्वीकारला नाही. त्यांची पौर्वात्य मंडळी, म्हणजे चर्चसंस्था, वेगळी झाली आणि व्यापाराच्या जलमार्गाने तिचे धर्मगुरू भारतात येत राहिले. सहाव्या शतकाच्या मध्याला कॉसमस नावाच्या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने लिहून ठेवले आहे की मिरी पिकते त्या मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि कल्लियाना नावाच्या ठिकाणी इराणहून नेमून आलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण ते कोल्लमकडे नेतात. कल्याण असेल, तर वसईहून दिव्याची गाडी धरून मी ज्या गावी लग्नामुंजींना जातो, तिथे चौदाशेहून अधिक वर्षांपूर्वी इफेससच्या निवाड्याशी असहमत असलेल्या मंडळीचा बिशप बसत होता. चेन्नईच्या सेंट थॉमस टेकडीवर आणि केरळात कोट्टायमला पहलवी अक्षरे कोरलेले जे क्रूस आहेत, ते त्याच इराणी संबंधांची साक्ष देतात. आणि या वाटेचे दुसरे टोक गोव्यात आहे. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूरला धर्मसभा भरवून तिथल्या संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांकडून नेस्तोरियसचा जाहीर धिक्कार करवून घेतला आणि त्यांचे कितीतरी सिरियाक भाषेतले ग्रंथ जाळून टाकले. इफेससच्या त्या एका दिवसाचा पडसाद ११६८ वर्षांनी, गोव्याच्या धर्मपीठाच्या हुकुमाने, आपल्या किनाऱ्यावर उमटला होता. त्या आगीत काय गेले याचा विचार मी मारियेच्या चर्चच्या मोडक्या वेदीपाशी उभा असताना केला, आणि एक कॅथलिक म्हणून मला त्याचे दुःख झाले हे इथे नोंदवतो. पुढची गोष्टही तितक्याच आवर्जून सांगायला हवी. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पौर्वात्य असिरियन मंडळीचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि त्यात ‘देवमाता’ आणि ‘ख्रिस्तमाता’ हे दोन्ही शब्द एकाच श्रद्धेची योग्य रूपे आहेत असे मान्य करण्यात आले. त्या मंडळीचे भाविक आजही त्रिशूरमध्ये आहेत.

दुसरी बॅसिलिका तिथून तीन-साडेतीन किलोमीटरवर, सेल्चुक गावातच आयासुलुकच्या टेकडीवर आहे. आयासुलुक हे नाव संत योहानाच्या ‘हागिओस थिओलोगोस’ या ग्रीक बिरुदाचाच अपभ्रंश. योहान उतारवयात इफेससला राहिला आणि या टेकडीवर त्याला पुरले, ही परंपरा फार जुनी आहे. थडग्यावर आधी छोटे स्मारक होते, मग लाकडी छपराचे चर्च झाले, आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने ते पायापर्यंत उतरवून क्रुसाच्या आकाराचे, सहा घुमटांचे विशाल चर्च बांधले. जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांच्या नावांची गुंफलेली अक्षरे खांबांच्या माथ्यांवर अजून वाचता येतात. मला ती शोधायला अर्धा तास लागला आणि सापडली तेव्हा पोरासारखा आनंद झाला. त्याच काळातल्या प्रोकोपियस या इतिहासकाराने लिहिले आहे की हे चर्च सर्व बाबतींत कॉन्स्टँटिनोपलच्या प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, चर्चसारखे होते. ते मूळ चर्च पंधराव्या शतकात पाडले गेले आणि तिथे फातिह मशीद उभी राहिली. त्याच नमुन्यावर बेतलेले व्हेनिसचे सेंट मार्क्स मात्र शाबूत आहे, आणि युरोपच्या सहलीत आपले हजारो लोक त्याच्यासमोर छायाचित्र काढतात. त्या पाच घुमटांची सावली ज्यांच्या मनात आहे त्यांनी आयासुलुकला उघड्या आकाशाखाली उभे राहून पाहावे. विटांच्या अजस्र पायांवरून घुमट कुठे कुठे पेललेले असतील ते आपोआप दिसू लागते.

थडग्याच्या जागी आज संगमरवरी चौथरा आणि चार कोपऱ्यांना चार छोटे खांब आहेत. मध्ययुगात दरवर्षी मे महिन्यातल्या योहानाच्या सणाला या थडग्यातून बारीक धूळ वर येते अशी श्रद्धा होती. यात्रेकरू ती मातीच्या चिमुकल्या कुप्यांत भरून औषध म्हणून घरी नेत. आपल्याकडे उदी किंवा अंगारा पुडीत बांधून नेतात तसेच ते. चौदाव्या शतकाच्या आरंभी गाव तुर्कांच्या ताब्यात गेले आणि चर्चची मशीद झाली. १३३३ च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला तेव्हा त्याने ही जगातल्या सर्वांत सुंदर मशिदींपैकी एक असल्याचे लिहिले, आणि पूर्वी ते ग्रीकांचे फार पूज्य चर्च होते हेही प्रांजळपणे नोंदवले. हाच इब्न बतूता पुढे दौलताबादला आला आणि मराठ्यांविषयीही लिहून गेला. नंतर भूकंपात इमारत कोसळली. टेकडीच्या पायथ्याशी १३७५ ची इसा बे मशीद आहे, आणि तिच्या पलीकडे, पाणथळ जमिनीत, अर्तेमिसच्या मंदिराचा जोडून उभा केलेला एकुलता एक खांब. टेकडीच्या कठड्यावरून ही तिन्ही एका नजरेत येतात. माझ्या मते साऱ्या इफेसस परिसरात याहून मोलाची जागा नाही, आणि सहलीची बस तिच्याखालून न थांबता निघून जाते.

एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. माझे हे म्हणणे केवळ ख्रिस्ती वाचकांसाठी नाही. श्रद्धाळू ख्रिस्ती प्रवाशांना बहुधा बुलबुल डोंगरावरच्या मारियेच्या घरी नेले जाते. ते घर १८९१ साली एका जर्मन जोगिणीच्या दृष्टांतांच्या आधारे शोधले गेले आणि तिथल्या भक्तीविषयी मला आदर आहे. परंतु ज्याला इतिहासात रस आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्यासाठी नोंदींनी आणि दगडांनी सिद्ध झालेल्या जागा या दोन बॅसिलिका आहेत. आमच्या गटातले एक निवृत्त स्थापत्य अभियंता, जे देवधर्म मानत नाहीत, आम्ही परतल्यावर काढलेली छायाचित्रे पाहून हळहळले. जुन्या ओवरीच्या भिंतीत नवे चर्च कसे बसवले हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचे होते.

यासाठी फार काही करावे लागत नाही. मारियेच्या चर्चसाठी वेगळे तिकीट नाही, ते मुख्य अवशेषांच्या आवारातच आहे. बस खालच्या दरवाजाशी पाऊण तास उशिरा आणली तरी काम होते. टेकडीवरच्या बॅसिलिकेचे तिकीट निराळे आहे आणि तिथे दीड तास हवा. चामड्याच्या वस्तूंच्या आणि गालिच्यांच्या दुकानांत जो वेळ प्रवाशांना सक्तीने घालवावा लागतो, त्यातलाच तो सहज निघेल. आमच्या सहल कंपनीला मी परतल्यावर हे सविस्तर लिहून कळवले. उत्तर आले नाही. पण आपल्या पुरवणीतला लेख वाचून अनेक जण आपली सहल आखतात, त्यामुळे आपण पुढच्या वेळी तुर्कस्तानवर काही छापाल तेव्हा या दोन ठिकाणांचा उल्लेख आणि जमल्यास मारियेच्या चर्चचा एक साधा रेखाटलेला आराखडा द्यावा, ही विनंती. जे स्वतंत्रपणे जाणार असतील त्यांनी सकाळी दरवाजा उघडताच खालच्या बाजूने शिरावे, आधी मारियेचे चर्च पाहावे, कारण त्या वेळी तिथे कोणी नसते, आणि दुपार कलल्यावर आयासुलुकची टेकडी चढावी. मे महिन्यात तिथल्या जुन्या जलवाहिनीच्या खांबांवर करकोच्यांची घरटी असतात. बॅसिलिकेतून बाहेर पडून गावात चहाला बसले की ती समोरच दिसतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, वसई